अंगणात मांडलेल्या बिनधुराच्या चुली

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी वडखेडीला गेले, तेव्हा एस.टी.तून उतरल्याबरोबर नजरेत भरल्या त्या चुली. पाटील गल्लीत जवळजवळ प्रत्येक अंगणात एकेक नवी, दोन तोंडांची, पांढऱ्या मातीने सारवलेली चूल होती आणि तिच्या पाठीतून निघालेला सिमेंटचा पाइप सरळ आभाळात गेला होता. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पाइपाच्या डोक्यावर टोपी. बाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही. उघड्या अंगणात धुराडं कशाला, हे माझ्या धाकट्या मुलीनेही विचारलं. एका चुलीच्या मागच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसली होती. दुसरीवर तुळशीची कुंडी होती. तिसरीच्या पाइपाला म्हशीचं रेडकू बांधलेलं होतं.

वडखेडी हे शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला असलेलं माझ्या मावससासूबाईंचं, पार्वताबाईंचं गाव. आमचं बिऱ्हाड जळगावला, पिंप्राळ्यात. मुलांना सुट्टी लागली की आखाजी करूनच परत यायचं, हा आमचा शिरस्ता. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. दिवाळीला आल्या नाहीत तरी चालेल, पण आखाजीला लेकी माहेरी आल्याच पाहिजेत. लिंबाला झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते आणि घरोघरी आमरस नि पुरणाचे मांडे होतात.

मांड्यांचा विषय निघाला की गावात एकच नाव घेतलं जायचं, ते पार्वताबाईंचं, म्हणजे आमच्या मावशींचं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत येईल एवढा मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. हे काम मी लग्न झाल्यापासून शिकते आहे; माझा मांडा अजून खापराच्या काठावरून लोंबतो. मावशींचा मांडा मात्र खापराच्या पाठीवर असा बसे, की जणू तिथेच जन्माला आला. त्यांचं खापर लग्नापासूनचं, तेल पिऊन पिऊन काळं, तुकतुकीत झालेलं. गल्लीतल्या बाया आखाजीला आपापली कणीक आणि पुरण घेऊन मावशींच्या चुलीपाशी येत, निदान पहिला मांडा त्यांच्या हातचा व्हावा म्हणून.

पण त्या वर्षी मावशींच्या छातीने दगा दिला होता. सगळी जिंदगी कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या आणि ओली लाकडं फुंकण्यात गेलेली. शिरपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध मी देतो, पण धुरापासून लांब राहा. मावशी म्हणाल्या, धुरापासून लांब राहायचं तर स्वयंपाक कोण करील, तुम्ही? डॉक्टर हसले. मावशी हसता हसता खोकू लागल्या, तेव्हा डॉक्टर हसायचे थांबले.

अंगणातली चूल त्यांच्याही दारात होती. ती त्यांनी एकदाही पेटवली नव्हती.

या सगळ्या चुली एका बाईच्या हातच्या होत्या. कलाबाई बैसाणे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा आहे, तिथल्या. नवरा झुलाल शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. कलाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, अंगाने काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. सरकारची सुधारित चुलींची योजना आली तेव्हा ग्रामसेविकेने आधी कुंभाराला विचारलं होतं. पण कुंभाराला वीटभट्टीत जास्त मिळत होतं. मग कलाबाई स्वतः जाऊन म्हणाल्या, माझं नाव घाला. लहानपणापासून डोंगरातून मोळ्या आणून त्यांची मान पक्की झालेली होती. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, की माझी आई सरपणाला निघायची तेव्हा भाकरी टोपल्यात झाकून ठेवायची, कारण ती भूक लागायच्या आत परत यायची. मी भाकरी बांधून न्यायला लागले. माझ्या लेकीला बहुतेक दोन वेळच्या बांधून न्याव्या लागतील. डोंगर जागचा हलला नाही, झाडंच वर वर सरकली.

धुळ्याला जाऊन त्या शिकून आल्या. पत्र्याचा साचा कसा धरायचा, माती, शेण आणि भुसा किती मळायचा, आतला बोळ किती अरुंद ठेवायचा म्हणजे जाळ पुढच्या भांड्याखालून मागच्या भांड्याखाली जाईल आणि धूर पाइपातून निघून जाईल. लाकूड कमी लागेल, जंगल वाचेल, बायांचे डोळे आणि छाती वाचतील, असं त्यांना तिथे सांगितलं होतं. परत आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की गाव आपली वाट बघत असेल.

गावात कुणी नाही म्हटलं नाही. पाइप सरकारचा, मजुरी सरकारची, घरच्यांनी द्यायचे ते नावापुरते पैसे. सगळ्यांनी चुली मागितल्या. फक्त प्रत्येक घरी एकेक अडचण निघाली. कुणाचं धाबं गळायचं भय होतं. मातीच्या सपाट छताला भोक पाडलं तर पावसाळ्यात घरात तळं होईल, असं ते म्हणाले, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. कुणाचा देव्हारा स्वयंपाकघरात होता. कुणाची सासू गावाला गेलेली होती आणि तिला विचारल्याशिवाय जुनी चूल काढता येत नव्हती. मंदाबाईच्या घरी तर सासू समोर खाटेवर बसलेली असताना ती गावाला गेल्याचं सांगण्यात आलं. मग प्रत्येकजण शेवटी म्हणे, आत्ता अंगणात मांड, कलाबाई, आतलं पुढे बघू.

खरी अडचण काय आहे ते सांगणाऱ्याला ठाऊक होतं आणि ऐकणारीलाही. बौद्धवाड्यातली बाई अंगणात माती मळते तोवर ठीक; तिने उंबरा ओलांडून चुलीपाशी बसायचं, हे त्या गल्लीला पचणारं नव्हतं. घरात कुठे शिवाशीव नसेल, पण चुलीपाशी असायची.

कलाबाईंनी अंगणात चुली मांडल्या. हे त्यांच्या मनाविरुद्ध घडलं असं मला वाटलं होतं, पण त्यांनीच ते खोडून काढलं. त्यांचा हिशेब वेगळा होता. बाहेर का होईना एकदा पेटू दे, बाया बघतील, मग आपणहून आत बोलावतील. हा हिशेब चुकला. उघड्यावर वारा चुलीच्या तोंडातून आत शिरे, जाळ बाहेर ओढी आणि धूर पाइपाने जायचा तो बाईच्या तोंडावर येई. दोन दिवस पेटवून बायांनी नाद सोडला. सरकारी चूल धूर जास्त करते, असं गावभर झालं. ज्या चुलीने आत जायचं, तिचीच अंगणात बदनामी झाली.

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी अभयकुमार जैन मात्र खूश होते. शिरपूरच्या एका कापडदुकानदाराचा हा मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला, मनाने सरळ. मार्चअखेरचं उद्दिष्ट वडखेडीत पुरं झालं होतं. त्यांनी अंगणांतले फोटोही काढून नेले. अंगणात उजेड चांगला असल्यामुळे फोटो छान आले होते. त्यांनी कलाबाईंना सांगितलं, पुढच्या वर्षी तुम्हाला आणखी गावं देऊ. आखाजीनंतर धुळ्याहून साहेब लोक पाहणीला येतील, चुली चालू दिसल्या की झालं. चालू दिसल्या नाहीत तर गाव योजनेतून गळेल आणि पुढचे पाइप दुसरीकडे जातील.

कलाबाई म्हणाल्या, दुसरं गाव मी आत्ता घेत नाही. या गावात एक तरी चूल घरात पेटू दे, मग बोलू.

अभयकुमारांना ते कळलं नाही. फोटो तर किती चांगले आले होते.

आखाजी पंधरा दिवसांवर आली असताना हे घडलं. मावशींची लेक द्रौपदा माहेरी आली होती. सकाळची भाकरी चालली होती, वारा पडलेला होता, आणि धूर धाब्यातल्या भोकातून वर जायचं सोडून खोलीतच घुटमळत होता. मावशी फुंकणी घेऊन वाकल्या आणि त्यांना पुन्हा सरळ होता येईना. श्वास वर घेत होत्या, खाली उतरत नव्हता. मी आणि द्रौपदाने त्यांना धरून बाहेर आणलं आणि अंगणात, त्या पांढऱ्या चुलीशेजारी बसवलं. कितीतरी वेळाने त्यांना बोलता आलं.

तेवढ्यात कलाबाई रस्त्याने जात होत्या. डोक्यावर पांढऱ्या मातीची पाटी होती. मावशींना बघून थांबल्या, पाटी उतरवली, पण अंगणाच्या कडेलाच उभ्या राहिल्या. मावशी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा शेजारच्या चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुझी ही चूल पेटव बरं, बघू दे तरी.

कलाबाईंनी मान हलवली.

"बाहेर मी हाऊ चुल्हा पेटाडनार नही, अक्का," त्या म्हणाल्या. "वारामा त्यानी इज्जत जास. घरमा मांडाले सांगा, आज मांडस."

मंदाबाई दारात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. पाटलाच्या घरी एखादी गोष्ट सांगितली आणि बौद्धवाड्यातल्या बाईने नाही म्हटलं, असं त्या गल्लीने पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं मावशी आता काहीतरी कडू बोलणार. पण त्या स्वयंपाकिणीच्या नजरेने चुलीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"खापर बसी का त्यावर?" त्यांनी विचारलं.

कलाबाई पुढे झाल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला. सगळी गल्ली धाब्याचं, देव्हाऱ्याचं, सासूचं बोलत आली होती. चुलीविषयी हा पहिला प्रश्न होता. खोटं बोलायला ती वेळ सोयीची होती. त्या म्हणाल्या, "माले माहीत नही. साचा भांडानी मापना शे. खापरनं माप देखनं पडी."

मावशींनी द्रौपदाला आतून खापर आणायला सांगितलं. द्रौपदा जागची हलेना. इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती आता पुष्कळांना माहीत नसेल. तांब्यापितळेचं भांडं विटाळलं तर विस्तवावर धरून घेत आणि वापरात घेत. मातीच्या भांड्याला तो उपाय नव्हता. ते एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की गेलं. म्हणून द्रौपदा म्हणाली, आई, माप दोरीने घेऊन देते ना. मावशींनी तिच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, सूनबाई, तू आण.

मी खापर आणून मावशींच्या हातात दिलं. त्यांनी ते पदराने पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि अंगणाच्या कडेपर्यंत चालत जाऊन कलाबाईंच्या हातात दिलं. जड आहे, खालून धर, एवढंच म्हणाल्या.

कलाबाईंनी ते खालून धरलं. वीत लावून माप त्यांनी दोनदा घेतलं, पुरतं घेतलं. मग खापर परत देऊ लागल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, माझ्याकडे कशाला देतेस, आत चुलीपाशी नेऊन ठेव.

संध्याकाळी मावशींचा मुलगा रुपचंद शेतातून आला, तोवर जुनी चूल फुटलेली होती आणि कलाबाई स्वयंपाकघरात बसून माती मळत होत्या. रुपचंदभाऊ वाईट माणूस नव्हे. पण दारातच थबकले, आईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, आई, गाव काय म्हणेल? मावशींनी आवाज हळू केला नाही.

"गाव काय मन्हा उशाशी बशीसन खोकस का?"

धाब्याला भोक पाडायचं काम मग रुपचंदभाऊंवरच आलं, कारण घराचं धाबं घरच्या पुरुषाशिवाय कोण फोडू देणार? ते वरून खणत होते आणि कलाबाई खालून सांगत होत्या, थोडं डावीकडे, दादा, आढं सोडून. पाइपाभोवती त्यांनी डांबर आणि मातीचा असा गळपट्टा बसवला, की रुपचंदभाऊंनी त्यावर घागरभर पाणी ओतून बघितलं तरी थेंब आत आला नाही.

चूल वाळेपर्यंत आम्ही ओसरीत विटा मांडून स्वयंपाक केला. मावशी रोज सकाळी नव्या चुलीला हात लावून बघत. ती सुकली तसं पहिलं खापर चढलं, आणि फसलं. खापराच्या मध्यावर मांडा करपला आणि कडेला कच्चा राहिला. भांड्यासाठी ठेवलेलं तोंड लहान, खापराची पाठ मोठी. जाळ कडेपर्यंत पोचतच नव्हता. मंदाबाई मुद्दाम बघायला आली होती. ती म्हणाली, सरकारने मांडा कधी खाल्लाय? आम्हाला सगळ्यांनाच हसू आलं. कलाबाईही हसल्या आणि मग चुलीच्या तोंडात डोकावून बघू लागल्या. तोंड मोठं केलं तर खापर नीट तापेल. पण आखाजी एक दिवसाची. रोजचं पातेलं त्या मोठ्या तोंडावर बसणार नाही, कडेने धूर येईल आणि सहा महिन्यांत मावशी पुन्हा अंगणात. दुसऱ्या गावांत बायांनी सणाला अशीच चुलींची तोंडं फोडून घेतल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हातातल्या पाटल्या बांगड्यांच्या पुढे ओढल्या, मागे सारल्या. मग म्हणाल्या, तोंड मोठंच कर. आणि पातेल्यासाठी आतून एक कडं बसव, काढता घालता येईल असं.

असं आधी कुणी केलं होतं की नाही, मला माहीत नाही, केलं असेलही. त्या दिवशी त्या दोघींनी ते केलं. मावशी बोटांनी दाखवत होत्या, जाळ किती वर यायला हवा, कुठे पसरायला हवा. कलाबाई तसं कोरत होत्या आणि जिथे धुराची वाट बिघडेल तिथे मावशींना अडवत होत्या. एकदा तर त्या म्हणाल्या, अक्का, तिथे तुमचं चालणार नाही. आणि मावशींनी ऐकलं. कडं कुंभाराच्या आव्यात भाजून आणलं. रोज ते चुलीच्या तोंडात असायचं. मांड्यांच्या दिवशी काढून ठेवायचं, की खापर सगळं तोंड झाकून बसे. मागच्या तोंडावर पाण्याचं पातेलं ठेवलं की धुराला पाइपाशिवाय दुसरी वाट राहत नसे.

आखाजीला बाया आल्या, कणीक आणि पुरण घेऊन. सगळ्या नाही आल्या. आलेल्यांपैकी काही उंबऱ्याच्या आत आल्या, काही बाहेरच राहिल्या. स्वयंपाकघरात धूर नव्हता. इतकी वर्षं त्या खोलीत आम्ही एकमेकींना डोळे चोळत बघितलं होतं. त्या दिवशी भिंतीवरची काजळी आणि कोनाड्यातला फुटका आरसासुद्धा दिसत होता. मावशींनी उंडा हातावर घेतला, झेलला, वाढवला आणि खापरावर टाकला. मांडा काठापासून काठापर्यंत एकसारखा फुगला. त्यांना खोकला आला नाही. मला आठवतं, आम्ही सगळ्या मांड्याकडे बघत होतो आणि कलाबाई मावशींच्या छातीकडे.

मंदाबाईने जे विचारायचं होतं ते विचारलंच. खापर नवीन आणलंत का, अक्का?

"खापर तेच शे," मावशी म्हणाल्या. "कलाबाईना हातमाईन चुल्हावर उनं. खावानं व्हई ते खा."

खापर कलाबाईंच्या हातून चुलीवर आलं, हे ऐकून दोघीतिघी आपली कणीक घेऊन परत गेल्या. मंदाबाई मात्र मांडा होईपर्यंत थांबली. तिने खाल्लं की नाही ते मी पाहिलं नाही, कारण ती मांडा पदराखाली घेऊन घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी ती कलाबाईंकडे गेली आणि आमची सासू गावाहून परत आली म्हणाली. कलाबाईंनीही चेहरा तसाच ठेवून, बरं झालं, प्रवास सुखाचा झाला ना, असं विचारलं.

मग एकेक घर बोलावू लागलं. कलाबाईंनी एक अट घातली. अंगणातली चूल आधी तुम्ही स्वतः फोडायची. तीच माती भिजवायची, मळायची. "माती तुम्हीच घरमा लई चला," त्या म्हणत, "मी मांगे येस." मला वाटलं ही माती वाचवायची युक्ती. त्यात दुसरंही काही होतं, ते मला हळूहळू कळलं. स्वतःच्या हाताने चूल फोडून, स्वतःच्या हाताने माती आत नेणाऱ्या बाईला, मागून येणाऱ्या कलाबाईंना उंबऱ्यावर थांब म्हणता येत नसे. रिकाम्या हाताने अडवता येतं; दोन्ही हातांत चिखलाची पाटी असली की फक्त वाट दाखवता येते.

त्या वर्षी मी आखाजीनंतरही वडखेडीत राहिले होते. धुळ्याचे साहेब लोक आले तेव्हा जीपमधून उतरून अभयकुमार गल्लीत शिरले आणि त्यांचा चेहरा पडला. हातात अंगणांतले फोटो, आणि अंगणं रिकामी. त्यांनी कलाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, कलाबाई, चुली कुठे गेल्या? कलाबाईंनी बोट वर केलं. धाब्यांवर ओळीने टोप्या घातलेले पाइप उभे होते आणि दुपारच्या स्वयंपाकाचा बारीक धूर त्यांतून निघत होता. अभयकुमारांनी वर बघितलं. मग मोठ्या साहेबांना म्हणाले, सर, आधीचे फोटो रद्द समजा, आपण घरात जाऊन बघू. ते त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं, याचं मला कौतुक वाटतं. पुढे दुसऱ्या गावांत ते चुली मोजण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, असं कलाबाईंनी सांगितलं.

गल्लीच्या टोकाच्या तीन घरांनी मात्र शेवटपर्यंत आत घेतलं नाही. त्यांच्या अंगणांतल्या चुलींत पुढची कितीतरी वर्षं कोंबड्या बसल्या.

त्यानंतर कलाबाईंनी शिरपूर आणि साक्री तालुक्यांत, पार पिंपळनेरपर्यंत चुली मांडल्या, बायांना शिकवलं. ब्याण्णव सालच्या जून महिन्यात जळगावला त्यांना शिकवायला बोलावलं होतं, तेव्हा त्या आमच्याकडे उतरल्या. संध्याकाळी टी.व्ही.वर बातम्या लागल्या होत्या. जगभरातले पुढारी दूर ब्राझीलमध्ये जमले होते. धुरातल्या वायूंमुळे पृथ्वी तापते आहे, पाऊसपाणी बदलेल, सगळ्या सरकारांनी काहीतरी करायला हवं, असं सांगत होते. कलाबाईंनी मला नीट समजावून सांगायला लावलं. मला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. गिरण्यांचा, मोटारींचा, कोळशाचा धूर किती मोठा आणि आपल्या चुलीचा किती लहान, हेही सांगितलं.

त्या भाजी निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे आपण घरातला धूर बाहेर नेऊन सोडला, आणि बाहेर कुठे जातो ते विचारलं नाही.

मला वाटलं त्या खट्टू झाल्या. पण त्या विचारात पडल्या होत्या. त्यांनी एक गोष्ट पूर्वीच पाहिली होती. डोळ्यांत धूर जात नाही म्हटल्यावर काही बाया चुलीत लाकूड दुपटीने कोंबायला लागल्या होत्या. खोली स्वच्छ, पण मोळी तेवढीच, कधी जास्तच. दुसऱ्या दिवशी शिकवताना त्यांनी पाइपाचं कौतुक आखडतं घेतलं आणि आतल्या बोळावर सगळा वेळ घालवला. चूल चांगली की वाईट हे भिंतीवरच्या काजळीवरून ठरवू नका, डोंगरातून आणलेली मोळी किती दिवस पुरली त्यावरून ठरवा, असं त्यांनी बायांना सांगितलं. रोजच्या सारवणाने बोळ बुजतो, तो महिन्याला कोरा, हेही. एका बाईने विचारलं, हे सरकारने सांगितलंय का? सरकार आणि मी दोघंही शिकतो आहोत, कलाबाई म्हणाल्या.

त्या खेपेला त्यांच्यासोबत गोधडीत गुंडाळलेलं एक खापर होतं. मावशींचं. मावशींच्या हातांना मांडा झेपेनासा झाला, तेव्हा त्यांनी ते कलाबाईंना दिलं होतं. द्रौपदाने धरून ठेवलं होतं की आईचं खापर मला मिळेल, आणि ती महिनाभर रुसली होती. मावशींनी तिला पाटल्या दिल्या आणि सांगितलं, पाटल्या तुला, खापर कामाला. कलाबाई जिथे चूल मांडत तिथे ते खापर नेत. साचा सरकारचा, तोंडाचं माप खापराचं.

परतताना मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. चोपड्यावरून शिरपूरला जाणारी गाडी गच्च भरलेली. कंडक्टरने गाठोडं टपावर टाकायला सांगितलं. कलाबाईंनी ऐकलं नाही, खापर मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. शेजारी एक म्हातारी होती, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, कुठल्या गावची कोण जाणे. तिने गोधडीचा कोपरा उचलून आत बघितलं, खापराच्या पाठीवरून तळहात फिरवला आणि समजून उमजून मान डोलावली.

कुणाचं गं एवढं मुरलेलं, तिने विचारलं.

"दोन्ही घरनं," कलाबाई म्हणाल्या.

गाडी हलली. म्हातारीने खापराला धक्का लागू नये म्हणून आपलं बोचकं पायाशी घेतलं आणि एक हात खापरावर ठेवून दिला. कलाबाईंनी दुसऱ्या बाजूने धरलेलं होतं.